उत्तर सकाळी दिलं तरी चालेल

१० डिसेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही. तेव्हापासून नाशिकहून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये हा विषय निघतो. "तुमच्याकडे बरं झालं, आपल्याकडे कधी होणार?" माझी ताई विचारते, गंगापूर रोडच्या एका शाळेत शिकवणारी मैत्रीण विचारते, सिडकोतले काका विचारतात. मी मेलबर्नला राहते, तेव्हा मला याचं उत्तर माहीत असणार असं सगळ्यांनी धरलेलं आहे. तक्रारीही सारख्याच असतात. पोरगं जेवताना मान वर करत नाही. फोन केला तर उचलत नाही, मेसेज केला की लगेच "बोल काय" असं उत्तर येतं. रात्री दिवा बंद झाल्यावरही पांघरुणाखाली उजेड दिसतो.

ज्या गोष्टीची ही तक्रार आहे, तिला हा कायदा हातच लावत नाही. इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, फेसबुक, यूट्यूब बंदीत आले. व्हॉट्सअ‍ॅप आणि मेसेंजर बाहेर राहिले. एकमेकांना निरोप पाठवण्यापुरती असलेली अ‍ॅप मुद्दाम वगळलेली आहेत. दंड आहे तो कंपन्यांना, ४ कोटी ९५ लाख डॉलरपर्यंत. मुलांना किंवा आईवडिलांना काही नाही. माझी लेक चौदा वर्षांची आहे. तिचं इन्स्टाग्राम गेलं, पण मैत्रिणींचा गट आहे तिथंच आहे आणि शाळा सुटली की तो जागा होतो.

मला खरा फरक दिसला तो शाळेच्या वेळेत. आमच्या व्हिक्टोरिया राज्यात २०२० पासून सरकारी शाळांमध्ये फोन बंद करून दिवसभर कुलपात ठेवावा लागतो. लेकीला त्याचं काही वाटत नाही, याचं मला सुरुवातीला आश्चर्य वाटायचं. घरी तासभर फोन काढून घेतला तर ती अस्वस्थ होते, मग तिथं सहा तास कशी राहते? कारण तिथं सगळ्यांचेच फोन कुलपात असतात. कुणी कुणाच्या उत्तराची वाट पाहत नसतं. घरी मात्र तिचा एकटीचा फोन माझ्याकडे असतो आणि तिकडे गटात गप्पा पुढे गेलेल्या असतात, कुणीतरी तिला काहीतरी विचारलेलं असतं, उत्तर का नाही म्हणून कुणीतरी रुसलेलं असतं.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली, तेव्हा ताईनं ती बातमी कौतुकानं पाठवली होती. मलाही ती फार आवडली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीनं अठरा वर्षांखालच्या मुलांच्या मोबाइलवर बंदीचा ठराव केला. या दोन्ही गोष्टी आपल्याकडे एकाच दमात सांगितल्या जातात, पण त्या एक नाहीत. वडगावात आई, बाप, आजोबा सगळ्यांचाच फोन खाली ठेवला गेला. बान्सीत फक्त मुलांचा. मला पहिली वाट पटते, दुसरी पटत नाही.

न पटण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते मी मुलगी म्हणून नाशिकमध्ये वाढले त्यातून आलेलं आहे. आमच्या घरी फोन बैठकीच्या खोलीत होता. मैत्रिणीशी बोलायचं तर बाबा, काका आणि आलेगेले पाहुणे यांच्या देखत. मुलाचा फोन आला तर पुढचा आठवडाभर चौकशी. पहिल्या नोकरीत हातात स्वतःचा फोन आला आणि एसएमएस करता यायला लागला, तेव्हा आयुष्यात प्रथमच माझं बोलणं माझं राहिलं. आज एखाद्या घरात "मुलांचे फोन काढून घ्या" असं ठरलं, तर आधी कुणाचा फोन जाईल हे नाशिकमधल्या कुठल्याही मुलीला विचारा.

तरुणांच्या सवयींबद्दल बोलताना आपण त्या जणू त्यांच्या स्वभावातली खोट असल्यासारखं बोलतो. आमच्या पिढीला आठवत असेल, एका एसएमएसमध्ये रोमन लिपीची १६० अक्षरं बसायची आणि देवनागरीत लिहिलं तर जेमतेम ७०. पैसे वाचवायचे म्हणून आम्ही मराठी रोमन लिपीत, स्वर गाळून लिहायला शिकलो आणि ती खोड अजून गेलेली नाही. दिवाळीच्या दिवशी स्वस्त एसएमएसचा पॅक चालायचा नाही, पूर्ण दर लागायचा, म्हणून शुभेच्छा आदल्या रात्रीच पाठवून मोकळे व्हायचो. २०११ च्या सप्टेंबरात ट्राय या दूरसंचार नियामकानं दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली आणि थोड्याच आठवड्यांत ती २०० वर नेली; नको त्या जाहिराती रोखायला होती, पण कॉलेजातल्या पोरांमध्ये हलकल्लोळ झाला. मग व्हॉट्सअ‍ॅप पसरलं. २०१४ च्या नोव्हेंबरात निळ्या खुणा आल्या आणि वाचून उत्तर न देणं हा अपमान ठरायला लागला. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि पैशाचा उरलासुरला अडसर गेला. आज सतरा वर्षांचा असलेला मुलगा तेव्हा सात-आठ वर्षांचा होता. मेसेज पाठवावा की नको असा विचार करायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नाही. दर बदलला, खुणा बदलल्या, तशा सवयी बदलत गेल्या. म्हणजे नियम बदलून सवय बदलते, यावर माझा विश्वास आहे. प्रश्न एवढाच की कुठला नियम.

माझा भाचा अकरावीत आहे, कॉलेज रोडला क्लासला जातो. त्याच्या फोनवर क्लासचा गट आहे, कॉलेजचा आहे, प्रॅक्टिकलच्या बॅचचा आहे, सोसायटीतल्या गणेशोत्सवाचा आहे आणि आमच्या घरचाही आहे. उद्याच्या टेस्टची वेळ बदलली ही सूचना क्लासच्या गटावर रात्री साडेदहाला येते. तेव्हा मेलबर्नला उन्हाळ्यात पहाटेचे चार वाजलेले असतात. मी सकाळी उठून त्याच्याशी बोलते तेव्हा तो सांगतो, "मावशी, फोन बाजूला ठेवला असता तर टेस्टच चुकली असती." त्यात खोटं काय आहे? मोठ्या माणसांनी त्याची शाळा, क्लास, घर सगळं त्या पडद्यावर नेऊन ठेवलं आणि आता तो पडद्यातून डोकं काढत नाही म्हणून त्यालाच बोल लावतात. याचा मला मनापासून राग येतो.

ऑस्ट्रेलियातल्या ज्या कायद्याबद्दल नाशिकहून मला कुणीच विचारत नाही, तो मला जास्त मोलाचा वाटतो. २६ ऑगस्ट २०२४ पासून इथल्या नोकरदाराला कामाच्या वेळेनंतर आलेला कार्यालयाचा फोन किंवा मेसेज न पाहण्याचा, त्याला उत्तर न देण्याचा हक्क मिळाला. लहान उद्योगांना वर्षभरानं लागू झाला. नकार अवाजवी असेल तर तो चालत नाही, म्हणजे अडीनडीला सूट आहे. हा कायदा आल्यावर मी संध्याकाळी फोन बघणं सोडलं असं नाही. पण वरिष्ठांनी मेसेज लिहिताना "उद्या बघितलं तरी चालेल" असं लिहायला सुरुवात केली आणि त्या एका ओळीनं माझी रात्र मोकळी झाली. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी अशाच हक्काचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. त्याची चर्चा आयटीतल्या नोकऱ्यांपुरती झाली. मुलांनाही असा हक्क हवा, हे तेव्हा कुणी बोललं नाही.

प्रत्येक मेसेजला थांबायला लावा असं माझं म्हणणं नाही. निफाडकडच्या माझ्या चुलतभावाची पोरं द्राक्षबाग बघतात. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पाऊस आला, पानावर डाऊनी या बुरशीच्या रोगाचा डाग दिसला, की पानाचा फोटो गटावर जातो आणि तासाभरात जाणकाराचं उत्तर येतं: आज फवारा, थांबू नका. तिथं उशीर म्हणजे वर्षाचं पीक हातचं जाणं. त्या पोरांच्या हातातला फोन ही चैन नाही आणि त्यांना उत्तराची घाई असणं योग्यच आहे. पण टेस्टची वेळ, वह्यांची कव्हरं, स्नेहसंमेलनाचा पोशाख यांत असं कुठलं पान जळतंय?

माझ्या आईला मात्र या सगळ्यातलं दुसरंच दुखतं. शेजारचे आजोबा गेले तेव्हा पोरांनी गटावर हात जोडलेलं चित्र टाकलं आणि भेटायला कुणी गेलं नाही. तिचं दुःख खरं आहे. समोर बसून, काय बोलावं ते न सुचता गप्प राहण्याची सवय या मुलांना नाही; लिहून, खोडून, पुन्हा लिहून बोलायची आहे. पण ते तयार चित्र बनवलं आणि आधी फिरवलं ते आमच्याच वयाच्या माणसांनी. मुलांना हाताला धरून शेजारच्या घरी न्यायला हवं होतं, ते कुणी नेलं नाही.

तेव्हा ताईला, मैत्रिणीला, काकांना माझं सांगणं असं. बंदीची वाट पाहत बसू नका. जूनमध्ये शाळा-कॉलेजं उघडली की पहिल्या पालकसभेत उठून विचारा की गटावर सूचना किती वाजेपर्यंत येणार. संध्याकाळी सातनंतर कुठलीही सूचना नाही आणि जी आलीच ती दुसऱ्या दिवशी वर्गात पुन्हा सांगितली जाईल, एवढं लिहून घ्या. क्लासवाल्यांकडूनही घ्या, फी भरतानाच. निळ्या खुणा आधी आईवडिलांनी आपापल्या फोनवर बंद कराव्यात, आणि "ऑनलाइन होतास, मग उत्तर का नाही दिलंस?" हा प्रश्न पोरांना विचारणं सोडावं. मैत्रिणीच्या शाळेत ती स्वतः पर्यवेक्षिका आहे. मी हे तिला लिहिलंय, आणि उत्तर कधीही दे असंही.