पोस्टात लागलात? अभिनंदन!

परदेशी जाऊन सिनेमा-टीव्हीच्या पोस्ट प्रॉडक्शनमध्ये नाव काढायचं ठरलंच असेल, तर पहिली गोष्ट: नेमकं काय करायला चाललोय हे घरी समजावून सांगायच्या फंदात पडू नका. मी पडलो होतो. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या काकूला म्हटलं, पोस्ट प्रॉडक्शनसाठी कॅनडाला चाललोय. तिने देवासमोर साखर ठेवली आणि संध्याकाळपर्यंत गोखले रोडच्या दोन्ही अंगांना बातमी पोचली की पुतण्या कॅनडात पोस्टात लागला. काका स्वतः टपाल खात्यातून रिटायर झालेले. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सॉर्टिंगला घेतलंय की काउंटरला?" मी एडिट, साउंड, कलर, व्हीएफएक्स म्हणजे कम्प्युटरवरचे इफेक्ट्स, शूटिंग संपल्यावर जे जे उरतं ते सगळं निस्तरणं, असं अर्धा तास समजावलं. काका शांतपणे म्हणाले, "म्हणजे सॉर्टिंगच."

पुढच्या अकरा वर्षांत या कामाची याहून नेमकी व्याख्या मला कुणी सांगितली नाही.

मग पासपोर्ट. पासपोर्ट सेवा केंद्र वागळे इस्टेटमध्ये आहे. तिकडे जायचा रस्ता नीट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता देश निवडा. हवा कशी आहे, माणसं प्रेमळ आहेत का, भारतीय वाणसामान मिळतं का, असले प्रश्न मुलीला स्थळ बघताना विचारा. तुम्ही बघायची ती तिथल्या सरकारची करसवलत. कॅनडातलं व्हँकूव्हर ज्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आहे, तिथे अॅनिमेशन, इफेक्ट्स आणि पोस्टच्या स्थानिक पगारांवर १६ टक्के सवलत मिळते. ऑस्ट्रेलियात याच कामाच्या खर्चावर ३० टक्के. हॉलिवूडचा निर्माता असली यादी खिशात घेऊन हिंडत असतो, जशी आपली माणसं डोंबिवली परवडेना म्हणून बदलापूरला आणि तेही परवडेना म्हणून वांगणीला सरकतात. इथे फक्त सरकतो तो निर्माता, आणि बिऱ्हाड हलतं तुमचं.

यात 'स्थानिक' या शब्दाकडे जरा लक्ष द्या. ब्रिटिश कोलंबियाच्या हिशेबात स्थानिक म्हणजे आदल्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला तिथला रहिवासी असलेला माणूस. म्हणजे जानेवारीत उतरलात तर वर्षभर तुम्ही अढीतला कच्चा आंबा. स्टुडिओ तुमच्याकडे अधूनमधून बघून जातो, दाबून बघतो, आणि ३१ डिसेंबर उलटला की एकदम तुमच्याशी गोड बोलायला लागतो. मला वाटलं होतं माझं काम सुधारलं.

कॅनडातल्याच क्युबेक प्रांताचंही सांगून ठेवतो. मॉन्ट्रियलमध्ये इफेक्ट्सवाल्यांची वसाहत सवलतीवरच फुगली. २०२४च्या अर्थसंकल्पात तिथल्या सरकारने त्या सवलतीला मर्यादा घातली, आणि ज्यांनी हौसेने फ्रेंचचे क्लास लावले होते त्यांनी फी बुडीत धरून बॅगा भरायला घेतल्या. तेव्हा फ्रेंच जरूर शिका, पण महिन्याच्या बोलीवर.

व्हिसाची काळजी करू नका, कारण ती करून काही होत नाही. लंडन मनात असेल तर ब्रिटनचा ग्लोबल टॅलेंट व्हिसा आहे. त्यात पोस्ट आणि व्हीएफएक्सवाल्यांसाठी वेगळी वाट काढलेली आहे. ऑस्कर, बाफ्टा, गोल्डन ग्लोब, एमी यांतलं एखादं घरात शोकेसमध्ये असेल तर सोबत न्या. नसेल तर आपला साधा नोकरीचा व्हिसा, त्यात तिथल्या सरकारी दवाखान्याचा अधिभार वर्षाला १०३५ पौंड. जितक्या वर्षांचा व्हिसा तितक्या वर्षांचे पैसे एकरकमी, खोकला यायच्या आधीच. अमेरिकेचा एच-वन-बी म्हणजे म्हाडाची सोडत: जागा ८५ हजार, बाकी आईची पुण्याई. त्यात सप्टेंबर २०२५मध्ये, बाहेरून नवा माणूस आणायचा तर मालकाने एक लाख डॉलर भरावेत असं फर्मान निघालं. म्हाडा अजून इतकी सुधारलेली नाही. राहिला ओ-वन, असामान्य गुणवत्तेचा. सिनेमा-टीव्हीवाल्यांना त्यासाठी तिथल्या कामगार संघटनेचं मत जोडावं लागतं. तुम्ही एडिटर असाल तर मोशन पिक्चर एडिटर्स गिल्ड, लोकल ७००. ज्यांच्या पोटावर पाय द्यायला निघालात, त्यांच्याचकडून आपल्या पायाचं कौतुक लिहून आणायचं. मी ही ओ-वनची अट वाचली आणि कॅनडाचा फॉर्म भरला.

या टप्प्यावर कुणीतरी हमखास दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण देईल. ऐकू नका. तो माणूस १९१२ साली लंडनला गेला खरा, पण करिअरचा काही विचारच नाही. एखाद्या स्टुडिओत चिकटायचं, तिथला अनुभव गाठीला बांधायचा, ते सोडून गडी कॅमेरा विकत घेऊन परत आला! आणि पुढचं सगळं घरात. सरस्वतीबाई कच्च्या फिल्मच्या कडांना भोकं पाडायच्या, फिल्म धुवायच्या, आणि वर साठ-सत्तर माणसांच्या युनिटचा स्वयंपाक. १९१३ला 'राजा हरिश्चंद्र' गिरगावात लागला तो अशा दुहेरी शिफ्टवर. ओव्हरटाइमचं कुणी नावही काढलं नसणार. ही एक परंपरा मात्र जगभरच्या स्टुडिओंनी निष्ठेने सांभाळली आहे.

शोरील, म्हणजे आपल्या कामाच्या निवडक तुकड्यांची फिल्म, दीड-दोन मिनिटांची करा. तिच्यात तुमचं सगळ्यात चांगलं काम घालता येणार नाही, कारण ते गुप्ततेच्या कराराखाली असतं, आणि करार सुटतो तोवर ते सगळ्यात चांगलं राहिलेलं नसतं.

आणि तिथे गेल्यावर काय काम मिळतं, तेही सांगतो. माझा पहिला मोठा शॉट: नायिका पुलावर उभी, केस वाऱ्यावर. मागे हिरवा पडदा, म्हणजे नंतर त्याजागी हवं ते दृश्य भरता येतं; पण तो अर्ध्यातच संपलेला, कारण शूटिंगच्या दिवशी कुणीतरी म्हणालं असणार, 'पोस्टमध्ये बघू.' (हे दोन शब्द नीट ऐका. आपल्या धंद्याची कुलदेवता तीच.) तेव्हा डोक्याच्या डाव्या बाजूचे केस हाताने कापून काढायचे. हाताने म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये, बटेभोवती एकेक बिंदू ठेवत. शॉट १००१ ते ११४३, एकूण १४३ फ्रेम. सेकंदाला चोवीस, म्हणजे सहा सेकंदांना एक फ्रेम कमी. फ्रेमची मोजणी १००१पासून का? पुढेमागे सुरुवातीला चार फ्रेम वाढल्या तर आकडे शून्याखाली जाऊ नयेत म्हणून. मला आपलं आधी वाटलं होतं, आहेराच्या पाकिटासारखं शुभ असेल.

तीन आठवडे मी त्या बाईच्या डाव्या कानामागे राहत होतो. एक चुकार बट १०६७ला ओठात जाते आणि १०७४ला सुटते, हे मला आजही बायकोच्या वाढदिवसापेक्षा पक्कं आठवतं. चौथ्या आठवड्यात दिग्दर्शकाचा निरोप आला: ती अशी बोडकी बरी दिसत नाही, डोक्यावर कम्प्युटरने टोपी घाला. कानापर्यंत.

पगाराबद्दल विचारताय? उत्तम. घरभाडं गेल्यावर जे उरतं त्यात एक चांगलं जाड जॅकेट येतं. ते घ्याच. त्याकडे आपण परत येऊ.

हळूहळू तुमची बढती होते आणि केस कापायचं काम तुमच्याकडून जातं. कुठे जातं? बाहेर, म्हणजे व्हेंडरकडे, म्हणजे भारतात. तुम्ही आता फक्त तपासायचं. व्हँकूव्हरला उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा ठाण्यात रात्रीचे दहा. मी कॉलवर बसायचो, आमचा सुपरवायझर असायचा आणि पलीकडून एक मुलगी. आम्ही दोघंही जिभेला गाठी मारून इंग्रजी बोलायचो. 'हेअर एज इज चॅटरिंग अ बिट,' म्हणजे केसांची कड थरथरतेय. 'शुअर, वुई विल फिक्स.' एकदा तिच्यामागून आवाज आला, "घे, घे, घे, अजून घे... बास!" टेम्पो गाळ्याला लागत होता. असा 'बास' जगात एकाच ठिकाणी म्हणतात. सुपरवायझर कॉलवरून गेला तसं मी विचारलं, "वागळे इस्टेट का गं?"

क्षणभर काहीच नाही. मग, "अय्या! दादा, तुम्ही ठाण्याचे? रोड नंबर सोळा."

पूर्वी लेथ मशीनचा वर्कशॉप असलेला गाळा. त्यात चाळीस कम्प्युटर, रात्रपाळी. ती किसननगरहून चालत यायची. तेव्हापासून सुपरवायझर गेला की आधी जेवलात का, मग ठाण्यात पाऊस किती, आणि मग रोज तोच एक प्रश्न: "दादा, तिकडे माझ्यासारखीला काही आहे का हो?" मी मनापासून सांगायचो की खूप स्कोप आहे. काय सांगणार? माझ्या शेजारच्या तीन खुर्च्या त्याच महिन्यात रिकाम्या झाल्या होत्या आणि त्यांचं काम तिच्याच गाळ्यात उतरलं होतं. पासपोर्ट काढायला मी जिथे उन्हात उभा होतो, तिथून फार तर दहा मिनिटांवर.

श्रेयनामावलीची हौस असेल तर तिचीही सोय आहे. स्टुडिओला अमुक इतकीच नावं मिळतात, त्यात बसलात तर बसलात. एका अॅनिमेशनपटात माझं नाव आहे असं मला खात्रीलायक सांगण्यात आलं. सुट्टीत आलो होतो, म्हणून आई, काका, काकू, खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकू, असे अकरा जण घेऊन ठाण्यात थिएटरला गेलो. सिनेमा संपला, दिवे लागले, झाडूवाला खुर्च्यांमधून पॉपकॉर्न गोळा करू लागला. आम्ही बसून. चार मिनिटं, सहा मिनिटं, कॅटरिंगवाले गेले, वकील गेले, कुत्र्यांचे ट्रेनर गेले. (अॅनिमेशनमध्ये कुत्र्यांचे ट्रेनर कशाला, हे मला अजूनही उमगलेलं नाही.) तेवढ्यात एक वेगळीच यादी आली, नुसती लहान लहान नावं. काकूने विचारलं, "यांनी काय काम केलं?" मी म्हटलं, यांनी काही नाही केलं, ही सिनेमा बनत असताना स्टुडिओतल्या लोकांना झालेली बाळं. तशी पद्धत आहे. काकू माझ्याकडे बघतच राहिली. पडदा काळा झाला. माझं नाव काही आलं नाही. "तुलाही तेव्हा एखादं व्हायला हवं होतं," ती म्हणाली, "निदान आडनाव तरी दिसलं असतं."

आता धीर देणाऱ्या दोन गोष्टी. २०१३च्या फेब्रुवारीत, मी निघायच्या तयारीत होतो तेव्हा, लॉस एंजेलिसच्या रिदम अँड ह्यूज या इफेक्ट्सच्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, आणि त्याच महिन्यात 'लाइफ ऑफ पाय'च्या वाघासाठी तिथल्या लोकांना ऑस्कर मिळालं. व्यासपीठावरून ते कंपनीच्या हालाबद्दल बोलायला लागले तसं वाद्यवृंदाने 'जॉज'मधल्या शार्कची धून वाजवून त्यांना खाली उतरवलं. मी हे टीव्हीवर पाहिलं आणि म्हटलं, बघा, कंपनी बुडाली तरी बाहुली मिळते! दुसरी गोष्ट २०२३ची. मे महिन्यात हॉलिवूडचे लेखक संपावर गेले, १४८ दिवस. जुलैत नट गेले, ११८ दिवस. आम्ही पोस्टवाले संपावर गेलो नाही. आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. पण लिहिलं नाही म्हणून शूट झालं नाही आणि शूट झालं नाही म्हणून सॉर्टिंगला पोत्यात काही आलं नाही. त्यांचा संप मिटला तेव्हा आमचा सुरू झाला. टपाल यायचं थांबलं तरी काकांची पेन्शन एक तारखेला जमा होते, हे मला त्या हिवाळ्यात फोनवर तीनदा ऐकवण्यात आलं.

तर परत येताना काय आणायचं? फ्रिजवर लावायची चुंबकं नका आणू. कलर ग्रेडिंगचा महागडा मॉनिटर नका आणू, कस्टमवाले त्याला टीव्ही समजतात आणि वाद घालण्यात अर्थ नसतो. ते जाड जॅकेट मात्र आणा. सगळे हसतील, ठाण्यात मे महिन्यात हे घालणार का म्हणून. हसू दे. रोड नंबर सोळाच्या त्या गाळ्यात मशिनं तापू नयेत म्हणून एसी रात्रभर अठरावर असतो आणि कुणाला वाढवू देत नाहीत. मी दहाला पोचतो, चेन गळ्यापर्यंत ओढतो आणि व्हँकूव्हरचा कॉल घेतो. तिथे आता कुणी नवा मुलगा आहे, केसांच्या कडा हलतात म्हणतो. किसननगरवाली शेजारच्या खुर्चीवर असते, आईची शाल लपेटून. परवा तिने विचारलं, "दादा, हे जॅकेट तिकडे कितीला पडतं?"

मी किंमत जरा कमीच सांगितली. तिचा फॉर्म भरून झालाय.