गारगोट्यांचा नाद

पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतून १९८०च्या दशकाच्या अखेरीस कॅव्हन्साइट नावाचे निळेभोर स्फटिक निघू लागले आणि जगभरच्या संग्रहालयांत जाऊन बसले, हे मी वाचले आणि त्या दिवसापासून माझी रविवारची दुपारची झोप गेली. ओळखीतून एका बंद पडलेल्या खाणीच्या मालकाची परवानगी मिळवली, शेजाऱ्यांचा हातोडा मागून आणला आणि छिन्नी नवी घेतली. हेल्मेट मात्र स्कूटरचेच होते.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत झिरपलेल्या गरम पाण्याने स्टिलबाइट, अपोफिलाइट अशा खनिजांची आरास मांडली, ही माहिती पुस्तकात दोन ओळींत आटोपते. काळ्या पाषाणाला ती ठाऊक नसते. पहिल्या तासाभरात फुटला तो फक्त माझा अंगठा. सावलीत तंबाखू मळत बसलेले राखणदार मामा आपुलकीने म्हणाले, "साहेब, खडीच पायजे होती तर क्रशरवर ब्रासच्या भावानं मिळती की."

अखेर दोनच्या सुमारास एक डबर उकलला. आत मुठीएवढी पोकळी होती आणि तिच्यात, फुलवातींचा जुडगा एका टोकाला धरून पसरावा तशा, स्कोलेसाइटच्या पांढऱ्या सुया उभ्या होत्या. कडेला फिकट हिरवा अपोफिलाइट, वरच्या सपाट तोंडावर मोत्याची झाक असलेला. निळे काहीच नव्हते, तरी मला भरून आले. एवढी कड उडवली की नमुना पिशवीत मावेल, अशा हिशेबाने मी घातलेल्या शेवटच्या घावाने निम्म्या सुया मामांच्या तंबाखूत गेल्या.

घरी आल्यावर चिखल धुतला आणि नमुना रात्रीच्या आत कपाटात झळकावा या घाईने तो ओला दगड तव्यावर ठेवून गॅस मोठा केला. अपोफिलाइट या ग्रीक वळणाच्या नावाचा अर्थच तापवल्यावर पापुद्र्यांनी सुटणारा असा आहे आणि तापवल्यावर वळवळतो म्हणून स्कोलेसाइटचे नाव किड्यावरून पडले आहे, हे पुस्तकातले पुढचे पान मी नंतर वाचले. अपोफिलाइट नावाला जागला. सुयांनी वळवळण्याचेही कष्ट घेतले नाहीत, त्या सरळ गळून पडल्या.

तडतड ऐकून सौभाग्यवती बाहेरून म्हणाल्या, "अहो, पापड कोणी काढलेत?"

दगड आता तुळशीच्या कुंडीत आहे. तव्याला एक सुई अजून चिकटलेली आहे. ती मी खरवडू देत नाही, त्यामुळे आमच्याकडे पोळ्या दुसऱ्या तव्यावर होतात.