हिज्कीया, दावीद आणि मनश्शे : एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. बायबलमधील प्रार्थनांच्या उत्तरांतून देवाचा स्वभाव दिसतो, या माझ्या म्हणण्यावर आपण आक्षेप घेतला आहे. इतर वाचकांनाही संदर्भ कळावा म्हणून तो आधी थोडक्यात मांडतो. मागितलेले मिळाले की ‘देव दयाळू’ आणि न मिळाले की ‘त्याची इच्छा’, अशी दोन्हीकडून सोय करून ठेवल्यावर प्रार्थनेच्या उत्तरावरून देवाचा स्वभाव कसा ओळखायचा, असे आपण विचारता. आणि यहूदाचा राजा हिज्कीया याला आयुष्य वाढवून देणारा देव त्याचाच पूर्वज राजा दावीद याच्या तान्ह्या मुलाला मात्र मरू देतो, हा उघड पक्षपात आहे, असे म्हणता.

पहिल्या मुद्द्यावर फार लिहीत नाही. आज कोणाची प्रार्थना फळली यावरून देव सिद्ध होतो, असा माझा दावा नव्हता. बायबल या उत्तरांतून देवाचे कोणते चित्र उभे करते, एवढाच प्रश्न होता. पक्षपाताचा आक्षेप मात्र टाळता येण्याजोगा नाही.

बायबलमधील ‘2 राजे’ या ग्रंथाच्या 20व्या अध्यायात मरणाला टेकलेला हिज्कीया भिंतीकडे तोंड फिरवून ढसाढसा रडतो आणि आपण किती एकनिष्ठपणे वागलो याची देवाला आठवण करून देतो. ‘तू मरणार’ हा देवाचा निरोप सांगून निघालेला यशया संदेष्टा वाड्याच्या मधल्या चौकातून बाहेरही पडलेला नसतो, तोच त्याला माघारी पाठवले जाते. नवा निरोप असा की तुझी प्रार्थना ऐकली, तुझे अश्रू पाहिले, तुला आणखी 15 वर्षे देतो. आणि या नगराचे (यरुशलेमचे) रक्षण मी माझ्यासाठी व माझा सेवक दावीद याच्यासाठी करीन. राजाने आठवण करून दिलेल्या सद्वर्तनाचा या निरोपात उल्लेखही नाही.

आता ज्या दाविदाच्या नावाने नगर वाचते, तोच दावीद आजारी मुलासाठी उपाशीपोटी जमिनीवर पडून राहतो, आणि सातव्या दिवशी मूल दगावते. लाडक्यांचे ऐकणारा देव असता, तर पहिली वर्णी दाविदाची लागली असती. उलट हिज्कीयाचा मुलगा मनश्शे पाहा. तो बाराव्या वर्षी गादीवर आला, म्हणजे ग्रंथातील आकडे सरळ धरले तर त्या वाढवून मिळालेल्या वर्षांतच जन्मला. त्याने पोटच्या पोराला अग्नीत होमले, यरुशलेम निरपराधांच्या रक्ताने भरले. तरी ‘2 इतिहास’च्या 33व्या अध्यायानुसार बाबेलच्या कैदेत त्याने नम्र होऊन केलेली विनवणी देवाने ऐकली आणि त्याला राज्यावर परत आणले. हा पक्षपात असेलच, तर तो अपात्राच्या बाजूचा आहे. देवाचे ऐकणे हे पुण्याईचे बक्षीस नाही, असेच मला या तिन्ही कथांतून दिसते.

दाविदाच्या मुलाचे मरण याने सुसह्य होत नाही, हे मान्य. मुलाची आई बथशेबा हिचा आधीचा नवरा उरीया याचा घात बापाने करवला आणि जीव गेला तो लेकराचा. याचे समर्थन मी करणार नाही, कारण कथेतला दावीदही ते करीत नाही. तो उठतो, अंघोळ करतो, मंदिरात जाऊन दंडवत घालतो आणि मग जेवतो.

मात्र अपात्राचे ऐकणारा देव अन्यायाकडे डोळेझाक करतो, असाही अर्थ कोणी काढू नये. ‘2 राजे’ मनश्शेच्या पश्चात्तापाबद्दल एक अक्षर बोलत नाही, आणि 24व्या अध्यायात यहूदावर आलेल्या संकटाचे कारण सांगताना स्पष्ट नोंदवते की त्याने सांडलेल्या निरपराध रक्ताची क्षमा करायला परमेश्वर तयार नव्हता.