हो, टाकणार मी कुत्र्यांचे फोटो

आज सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर नातवंडांचे आणि आमच्या दोन्ही कुत्र्यांचे फोटो टाकले. लगेच एका वडीलधाऱ्यांचा मेसेज आला, "जगात काय चाललंय आणि तुम्हाला कुत्री सुचतायत!" त्याखाली भराभर अंगठे. तेव्हापासून डोकं फिरलंय.

जगात काय चाललंय ते मला कळत नाही असं वाटतं का यांना? नातवंडं सुट्टीला आली त्या दिवशीही टीव्ही सुरूच होता. बातम्यांत भोंगे वाजत होते, आणि आमचा म्हातारा भुऱ्या टेबलाखाली जाऊन धापा टाकत बसला. आपल्याला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्यांना साधारण ४५,००० पर्यंत. त्या भोंग्यात त्याला काय काय ऐकू आलं असेल, देव जाणे. थोरली नात त्याच्या शेजारी पालथी पडली आणि तिथूनच तिने विचारलं, "आजी, युद्ध झालं तर कुत्र्यांचं काय करतात?"

मला उत्तर येत होतं, म्हणूनच तोंड उघडेना. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध जाहीर झालं आणि ब्रिटनमधल्या लोकांनी पहिल्या आठवड्यातच आपली लाखो कुत्री-मांजरं स्वतःच्या हातांनी नेऊन मारायला दिली. लंडनवर तोवर एकही बॉम्ब पडलेला नव्हता. शत्रू यायच्या आधी भीती घरात आली होती. हे त्या पोरीला सांगू? टीव्ही बंद केला आणि म्हटलं, "आपण त्यांना बरोबर नेतो."

"कसं?"

मुलांचं हे एक असतं. ती "सगळं ठीक होईल"वर थांबत नाहीत. मग आम्ही बसून कुत्र्यांची पिशवी भरली. पट्टे, पाण्याचं भांडं, लसीची कार्डं, भुऱ्याच्या गोळ्या. आणि कुत्र्याबरोबरचा आपला फोटो, म्हणजे चुकामूक झाली तर कुत्रा आपलाच आहे हे दाखवता येतं. त्यासाठीच काढले होते हो ते फोटो! पण ग्रुपवर विचारतंय कोण.

पिशवीची चेन लावून झाली तशी पोरगी उठून खेळायला पळाली. भुऱ्या तिच्या मागे.

हे लोक दिवसभर बातम्या लावून ठेवतात, मुलांसमोर "आता काही खरं नाही" म्हणतात, आणि मग मुलं रात्री दचकून उठली की मोबाइलला दोष देतात. मूल बातमी ऐकत नाही, आपलं तोंड बघतं. कुत्रंही तेच करतं. त्याच युद्धात ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या दोघी लंडनमध्ये मुलांची पाळणाघरं चालवत होत्या. बॉम्बपेक्षा घरच्या माणसांपासूनची ताटातूट मुलांना जास्त मोडते, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलंय. मग नातवंडं घरी आली असताना मी त्यांच्याबरोबर जमिनीवर लोळायचं, की चेहरा पाडून बसायचं?

बरं, कुत्रं चावतं, हे मान्य. आणि चावलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं जखम धुवून थेट डॉक्टरांकडे जायचं, घरगुती लेप वगैरे काही नाही. धाकट्याला मी कुत्र्यांजवळ एकटं सोडत नाही. कुत्र्याने जीभ ओठांवरून फिरवली, उगाच जांभई दिली, मान वळवून डोळ्यांचं पांढरं दाखवलं, की "आता पुरे" हे त्याला शिकवलंय. परवा त्याने माझ्याकडे बघून भुऱ्याला सांगितलं, "आजीने जांभई दिली, आता तिला त्रास द्यायचा नाही." एवढी समज ग्रुपवर एकाला तरी आहे का!

असो. चिडून लिहायला बसले होते, आता तेवढी चीड राहिली नाही. त्या वडीलधाऱ्यांचा मुलगा दूर आहे, अशांत भागात, आणि त्यांची रात्र फोनकडे बघण्यात जाते, हे मला माहीत आहे. त्यांना हसरे फोटो टोचले असतील. तेवढं त्यांना माफ. अंगठे देणाऱ्यांना नाही.

तर मंडळी, पिशवीत आणखी काय ठेवावं? ज्यांच्याकडे कुत्री-मांजरं आहेत त्यांनी कमेंटमध्ये सांगा. थोरली पेन घेऊन शेजारीच बसली आहे. धाकट्याने आपला एक मोजा आधीच आत टाकलाय, भुऱ्याला चघळायला. तो काढायचा नाही, अशी सक्त ताकीद आहे.