‘जड सामान मागे ठेवा’: ट्रेलर ओढणाऱ्यांना दिलेला हा सल्ला जीवघेणा आहे

पिकअप गाडीच्या मागे राहण्याचा ट्रेलर, म्हणजे चाकांवरची खोली, जोडून सहलीला निघणाऱ्यांसाठी काही ‘गुपिते’ सांगणारा एक संदेश सध्या मोबाइलवरून फिरत आहे. जड सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला ठेवा म्हणजे हुकवर भार येत नाही. ट्रेलर डोलू लागला तर वेग वाढवा, तो आपोआप सरळ होतो. पिकअपचे ब्रेक दणकट असल्यामुळे ट्रेलरला वेगळे ब्रेक लागत नाहीत. घाट उतरताना गाडी न्यूट्रलवर सोडा. टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवा आणि ट्रेलरला गाडीशी जोडणाऱ्या सुरक्षेच्या साखळ्यांच्या भानगडीत पडू नका, असा त्याचा मजकूर आहे.

असले संदेश मी एरवी पुसून टाकतो. हा मात्र गोव्यात फोंड्याला राहणाऱ्या माझ्या भाच्याने वाचला आणि अमलातही आणला. त्याने हौसेने एक ट्रेलर बनवून घेतला आहे आणि अनमोड घाटातून दांडेलीला जाण्याचा त्याचा बेत होता. ट्रेलरमधली शंभर लिटरची पाण्याची टाकी पुढच्या बाकाखाली होती, ती त्याने संदेश वाचून मागे पलंगाखाली हलवली आणि मला आनंदाने फोन केला, “मामा, आता दांडी मी एकटा उचलतो.” दांडी, म्हणजे ट्रेलरचा हुकला अडकवायचा पुढचा दांडा, एकट्याने उचलली जाते, हेच घाबरण्याचे कारण आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

ज्यांनी बैलगाडी पाहिली आहे त्यांना ही गोष्ट नव्याने सांगावी लागू नये. मागे जास्त माल भरला की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते, म्हणून जुना गाडीवान पोती रचताना भार थोडा पुढे घेत असे. ट्रेलरचे गणित तेच आहे, फक्त बैलांच्या चालीऐवजी ताशी ऐंशी किलोमीटरचा वेग आहे. चेंडूच्या हुकवर, म्हणजे गाडीच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर अडकवून, ओढायच्या ट्रेलरसाठी अमेरिकेत रूढ असलेला नियम असा, की सामानासह ट्रेलरचे जे वजन भरेल त्याच्या १० ते १५ टक्के भार हुकवर खाली दाबणारा असावा. मी त्याच संध्याकाळी फोंड्याला गेलो. वजनकाट्यावर पाणी आणि सामान भरलेला ट्रेलर ९०० किलो भरला. मग आम्ही घरातला वजनाचा काटा अंगणात ठेवून त्यावर एक लाकडी ठोकळा उभा केला, ट्रेलर समपातळीत आणला आणि दांडी ठोकळ्यावर टेकवली, तेव्हा काट्याने फक्त ३८ किलो दाखवले, म्हणजे जेमतेम चार टक्के. टाकी दोन मीटरभर पुढे, चाकांच्या आसापलीकडे नेल्यावर तोच काटा १०२ किलोवर गेला. एका टाकीने एवढा फरक पडतो.

हे मी मनाचे सांगत नाही. ब्रिटनमधील बाथ विद्यापीठाच्या अभियंत्यांनी मोटारीमागे एक फेरजुळणी करता येणारा ट्रेलर जोडून, त्यातली वजने इकडेतिकडे हलवून, प्रत्यक्ष रस्त्यावर चाचण्या घेतल्या आणि २००९ साली त्या प्रसिद्ध केल्या. प्रत्येक जोडगाडीला एक उंबरठ्याचा वेग असतो. त्याच्या खाली ट्रेलरला हिसका बसला तर डोलणे आपोआप विरते. त्याच्या वर गेले की प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो आणि शेवटी ट्रेलर ओढणाऱ्या गाडीलाच फिरवतो. हुकवरचा भार कमी असला, किंवा वजने दोन्ही टोकांना विखुरलेली असली, की हा उंबरठा खाली येतो. म्हणून जड वस्तू आसाजवळ, किंचित पुढे आणि शक्य तितक्या तळाशी ठेवायच्या.

संदेशात एक अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. हुकवर फार भार आला तर पिकअपचे मागचे अंग बसते, पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंगची पकड सुटते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. पण त्यावर उपाय सामान बेताने पुढेमागे करण्याचा आहे, सगळे मागच्या टोकाला लोटण्याचा नाही.

आता वेग वाढवण्याबद्दल. उंबरठ्याच्या वेगाचे वर सांगितलेले गणित समजले असेल तर या सल्ल्याचा अर्थ वेगळा सांगायला नको: जो उंबरठा ओलांडल्यामुळे ट्रेलर डोलतो आहे, त्याच्या आणखी वर जा, असे हा संदेश सांगतो. गाडीने ओढ घेतली की ट्रेलर क्षणभर ताणला जातो, त्यावरून हा समज निघाला असावा. पावसाळ्यात झुआरी पुलावर आडवा वारा लागतो, किंवा मोठी बस शेजारून पुढे काढते तेव्हा तिची हवा ट्रेलरला आधी ढकलते आणि मग ओढते. डोलणे बहुधा अशाच वेळी सुरू होते. त्या वेळी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढावा, स्टिअरिंग सरळ आणि घट्ट धरावे, हेलकाव्यामागे चाक फिरवत बसू नये आणि पिकअपचे ब्रेक दाबू नयेत. ट्रेलरचे ब्रेक हाताने वेगळे लावण्याची सोय असेल तर फक्त ते हलके लावावेत. गाडी सावरली की बाजूला थांबून सामान पुन्हा रचावे.

ब्रेकच्या बाबतीत एक आकडा पुरेसा आहे. आपल्याकडेही विकल्या जाणाऱ्या टोयोटा हायलक्स आणि इसुझू डी-मॅक्स या पिकअप ऑस्ट्रेलियात ब्रेक असलेला ट्रेलर ३५०० किलोपर्यंत ओढू शकतात, असे त्यांचे उत्पादकच सांगतात. ट्रेलरला ब्रेक नसतील तर तीच मर्यादा ७५० किलोवर येते. इंजिन तेच आहे, हुकही तोच आहे. ओढण्याची ताकद पिकअपमध्ये आहे याविषयी वाद नाही. प्रश्न थांबण्याचा आहे. ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटरने जाताना ब्रेकांना जवळजवळ पावणेदोनपट ऊर्जा जिरवावी लागते, आणि वळणावर ब्रेक दाबला तर ब्रेक नसलेला ट्रेलर मागून रेटत राहतो व दोन्ही वाहने कात्रीसारखी दुमडतात. आपल्या गाडीची मर्यादा तिच्या पुस्तिकेत पाहावी, संदेशात नव्हे.

न्यूट्रलबद्दल फार लिहीत नाही. अनमोडहून मोलेकडे उतरताना इंजिनाची रोख, म्हणजे गिअरमध्ये असताना इंजिन गाडीला मागे धरते तो आधार, सोडून दिली तर सगळा भार ब्रेकांवर येतो, ते तापतात आणि ऐन वळणावर पाय नुसताच खाली जातो. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवणाऱ्या प्रत्येकाला पाठ होते.

कमी हवेचा टायर चालताना दुमडत राहतो, आतून तापतो आणि फुटतो. साखळ्या दोन हव्यात आणि दांडीखाली एकमेकींना छेदून लावायच्या, म्हणजे हुक सुटला तरी दांडी रस्त्यात न रुतता त्या झोळीत पडते.

भाच्याच्या ट्रेलरला अजून ब्रेक नाहीत आणि तो ९०० किलोंचा आहे. ब्रेक असलेला आस बसेपर्यंत ट्रेलर अंगणातच राहील आणि दांडेलीला पिकअप एकटीच जाईल, असे त्याने माझ्यासमोर आपल्या बायकोला सांगितले आहे.