‘एसीत बसून शेती’ म्हणणाऱ्या वाचकांना

किनवटकडच्या सेंद्रिय साळीवरच्या माझ्या लेखावर एका वाचकांनी लिहिलंय : "एसीत बसून शेती शिकवू नका. प्रमाणपत्र एका हंगामात मिळत नाही. पहिली दोन-तीन वर्षं उतारा घटतो, तेव्हा घर कशावर चालवायचं? आणि गिरणीत साळ मिसळली तर प्रमाणपत्र काय चाटायचं?"

साहेब, ‘चाटायचं’ हा शब्द जरा जपून. माझी आत्याही हे वाचते.

एसी आहे. नांदेडच्या घरात आहे, मे महिन्यात लावतो, बिलही मीच भरतो. म्हणून मी चिखल पाहिला नाही होय? तेलंगणाच्या हद्दीलगत आमचं पाऊण एकराचं खोलगट वावर. लावणीच्या दिवसांत आईच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या व्हायच्या. रात्री हळद-तेल लावून ती पाय चुलीच्या धगीला धरायची. वडील गेल्यावर दोन हंगाम मी स्वतः केले. जीवामृत, म्हणजे पिकाला द्यायचं आंबवण : 200 लिटर पाण्याच्या पिंपात 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ नि बेसन, बांधावरची मूठभर माती; सकाळ-संध्याकाळ काठी फिरवायची. बेसन ओतताना शेजारी विचारायचा, "भजी कधी तळणार?" तुम्ही कधी असं पिंप ढवळलंय? नसेल तर आवाज जरा खाली.

प्रमाणपत्राचं मान्य. ‘लगेच मिळतं’ असं मी लिहायला नको होतं. पीजीएसला, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांची हमी घ्यायच्या प्रमाणपत्राला, किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो, एकमेकांची रानं तपासावी लागतात, मधे रासायनिककडून सेंद्रियकडे रूपांतराचा काळ जातो. दुरुस्ती केली आहे. खूश?

उतारा घटतो, घटतो. 45 किलोच्या युरियाच्या गोणीत 20 किलोच्या वर नत्र असतं, तेवढं शेणखतातून द्यायचं तर चारेक टन लागतं, हे मलाही कळतं. धैंचा, म्हणजे हिरवळीच्या खताचं पीक, पेरून रानातच गाडून टाका. बाकी पुढे कधीतरी लिहीन.

गिरणीचं गिरणीवाल्याला विचारा. माझीच दोन क्विंटल साळ एकदा कांडायला दिली होती. आमचा तांदूळ बुटका, तांबूस. पोत्यातून निघाला तो लांब, पांढराफेक. भांडलो नाही, गुपचूप घरी आणला. पण त्याचा इथे काय संबंध?