ओल्या नाकावरून कुत्र्याची तब्येत कळत नाही

कुत्रा पाळणाऱ्यांमध्ये एक संदेश मोठ्या विश्वासाने पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: नाक ओले आणि गार असेल तर कुत्रा निरोगी समजावा, जो घराबाहेर फारसा जात नाही त्याला लशींची गरज नाही, गोचीड लागू नयेत म्हणून जेवणात रोज लसणाची पाकळी घालावी, ताप आलाच तर माणसांची पॅरासिटामॉलची गोळी अर्धी करून द्यावी, आणि बाकी काही बिघडले तर कुत्रा गवत खाऊन स्वतःच बरा होतो. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असेल असे मला वाटत नाही, पण यातला एकही सल्ला जसाच्या तसा पाळण्याजोगा नाही आणि एक तर थेट जिवावर बेतणारा आहे.

नाकापासून सुरुवात करू. गाढ झोपेतून उठलेल्या धडधाकट कुत्र्याचे नाक कोरडे असते, आणि आजारी कुत्राही ते चाटून ओले ठेवू शकतो. हाताला लागणारी ऊबही फसवी असते, कारण कुत्र्याचे शरीर मुळातच आपल्यापेक्षा गरम असते. त्याचे नेहमीचे तापमान साधारण 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस, म्हणजे 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते आणि ते गुदद्वारात थर्मामीटर लावूनच खात्रीने कळते. नाकापेक्षा कितीतरी अधिक सांगतात त्या हिरड्या. वरचा ओठ हलकेच उचलून सुळ्याच्या वरची हिरडी बोटाने दाबावी आणि सोडावी. उमटलेला पांढरा ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. फिकट हिरडी रक्त कमी झाल्याची, पिवळसर हिरडी काविळीची आणि निळसर हिरडी प्राणवायू कमी पडत असल्याची खूण असू शकते. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात; त्यांची खालची पापणी ओढून आतला रंग पाहावा. गोचीडतापाने रक्त उतरलेला कुत्रा ‘हल्ली फार शहाणा झालाय, शांत पडून असतो’ अशी शाबासकी मिळवताना मी पाहिला आहे. नाक त्याचेही ओलेच होते.

घरातल्या कुत्र्याला लस नको, हे म्हणणे वरवर पटण्याजोगे वाटते. पण 1978 च्या सुमारास प्रथम ओळखला गेलेला, उलट्या-जुलाबांनी पिल्लांचा जीव घेणारा पार्वो विषाणू घरात यायला कुत्रा बाहेर जावाच लागत नाही. तो आपल्या चपलांच्या तळव्यांना चिकटून येतो, महिनोन्‌महिने टिकतो आणि अल्कोहोलच्या सॅनिटायझरला दाद देत नाही. लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार उंदरांच्या मुतातून पसरतो, आणि उंदराला घराचे दार कोणी अडवत नाही. पिल्लांच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढणारी रक्तातली प्रथिने, पहिले काही आठवडे पिल्लाला वाचवतात, पण तीच लशीलाही निष्प्रभ करतात. ती नेमकी केव्हा ओसरतील हे प्रत्येक पिल्लागणिक बदलते. म्हणून वयाच्या 6 ते 8 आठवड्यांपासून किमान 16 आठवड्यांपर्यंत दर 2 ते 4 आठवड्यांनी लस पुन्हा द्यावी लागते, आणि एकाच सुईवर थांबलेले पिल्लू पुष्कळदा असुरक्षितच राहते. संदेशात तथ्य असेल तर एवढेच, की मोठ्या कुत्र्याला प्रत्येक लस दरवर्षी लागते असे नाही. पार्वो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या आणखी एका विषाणूजन्य रोगाची लस एक वर्षानंतरच्या मात्रेपुढे बहुधा तीन वर्षांनी चालते. लेप्टोची मात्र दरवर्षी द्यावी लागते, आणि रेबीजबाबत स्थानिक नियम पाळावेत.

लसणाने गोचीड पळतात याला भरवशाचा आधार नाही. मोठ्या कुत्र्याला एका पाकळीने लगेच काही होईलच असे नाही, पण कांदा-लसणातली गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात आणि त्याचा परिणाम काही दिवसांनी दिसतो. गोचिडांतून येणारा बॅबेसिया हा परजीवीही त्याच पेशी फोडतो. म्हणजे उपाय रोगाच्याच बाजूने लढतो. त्यापेक्षा पशुवैद्याने वजन पाहून दिलेले गोचीडनाशक वापरावे आणि रोज कानांच्या आत, पंजाच्या बोटांच्या फटींत, पट्ट्याखाली व शेपटीखाली बोटे फिरवावीत. सापडलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल किंवा जळती काडी लावू नये. कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड भिंतींच्या फटींत हजारो अंडी घालते, त्यामुळे घरही साफ करावे लागते.

पॅरासिटामॉलबद्दल चर्चेला जागा नाही. कुत्र्याला ते यकृताची हानी करू शकते आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटवू शकते. आयबुप्रोफेन पोटात व्रण करते, मूत्रपिंडे निकामी करू शकते. पशुवैद्याच्या सांगण्यावाचून यातले काहीही देऊ नये.

गवत तर निरोगी कुत्रेही खातात. तो उपचार नव्हे. उलट कुत्रा दुखणे लपवतो, म्हणून सवयीतला बदल आपणच टिपावा लागतो. गाढ झोपेतला श्वास मिनिटाला 30 हून अधिक वेळा चालत असेल आणि पुन्हा मोजूनही तसाच राहिला, तर दाखवावे. नसबंदी न केलेली मादी माजावर येऊन गेल्यानंतर महिना-दोन महिन्यांत अचानक भरपूर पाणी पिऊ लागली, मलूल झाली, खाईना, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यावी. योनीतून स्राव दिसेलच असे नाही, कारण गर्भाशयाचे तोंड बंद असेल तर पू आतच साठतो आणि तो प्रकार अधिक घातक असतो. अशा वेळी नाक चाचपत सकाळ होण्याची वाट पाहू नये, त्याच रात्री पशुवैद्याकडे न्यावे.